शहरी नवोपक्रमांतील सर्वसमावेशक लोकसहभाग

शहरी नवोपक्रमांतील सर्वसमावेशक लोकसहभाग म्हणजे शहरातील सोयीसुविधांची नवी रचना किंवा नवी सेवा आखताना ती वापरणाऱ्या सर्व थरांतील रहिवाशांना, विशेषतः एरवी सभेपर्यंत न पोहोचणाऱ्यांना, निर्णयात स्थान देण्याची पद्धत होय. हरकती व सूचना मागविणे हे या पद्धतीचे सर्वांत परिचित, पण सर्वांत तोकडे रूप आहे. जाहीर सूचना वाचू शकणारा आणि कामाच्या दिवशी कचेरीत जाऊ शकणारा माणूसच तेथवर पोहोचतो.

कायदेशीर चौकट

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत तिने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मात्र खेड्यातील ग्रामसभेप्रमाणे ती शहरांत रुजली नाही.

पुण्यातील वस्ती-शौचालये

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. १९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कार्यकाळात पुणे महानगरपालिकेने झोपडवस्त्यांतील शौचालयांच्या बांधकामाबरोबरच त्यांची देखभालही स्वयंसेवी संस्थांकडे सोपविली. ‘स्पार्क’ ही संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि वस्त्यांतील स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना यांचा त्यात मोठा वाटा होता. दोन-तीन वर्षांत शहरात चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली.

आराखड्यातील नावीन्य वापरणाऱ्यांच्या अनुभवातून आले. जुन्या शौचालयांत स्त्रीपुरुषांच्या रांगा समोरासमोर असत. नव्या रचनेत त्यांची प्रवेशद्वारे वेगळी झाली. रांगेत मुलांना मागे ढकलले जाई आणि मोठ्या भांड्याची त्यांना भीती वाटे. म्हणून मुलांसाठी लहान आकाराची स्वतंत्र शौचकूपे आली. पाण्याची टाकी आणि राखणदाराच्या कुटुंबासाठी खोली हेही आराखड्याचे भाग झाले. पाणी आणि राखण नसेल तर नवे शौचालयही लवकरच निरुपयोगी होते, हे वस्तीतील कोणतीही गृहिणी सांगू शकली असती. तिला विचारले गेले नव्हते, इतकेच. काही ठिकाणी स्त्रियांनी बांधकामाची कंत्राटेही घेतली.

कचरावेचकांची सेवा

१९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. सभासदांत दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या कुटुंबांतील स्त्रियाही त्यांत आहेत. या संघटनेतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार तिने घरोघरी कचरा गोळा करण्याची सेवा सुरू केली.

सहभागी अंदाजपत्रक

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली. पुण्यात ती २००६ पासून आहे. पदपथ, बसथांबे, दिवे, गटारे अशी लहान कामे नागरिक सुचवितात आणि त्यांसाठी ठरावीक रक्कम राखून ठेवली जाते. आरंभीचा बैठकांवरील भर पुढे ओसरला आणि पद्धत मुख्यतः अर्ज भरण्यापुरती उरली. अर्ज भरण्याची सवय असलेल्यांना अर्थातच ती सोयीची आहे.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ४६ हजार आहे. परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई व धारूर ही नगरपरिषदांची गावे त्याहून लहान असल्याने तीन लाखांच्या अटीमुळे प्रभाग समित्यांची सक्ती जिल्ह्यात कोठेही लागू होत नाही. त्यात येथील स्थलांतराची भर पडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नगरपरिषदांची अंदाजपत्रके याच काळात तयार होतात. त्यामुळे गावकुसाबाहेरील वस्त्यांत पाणी, रस्ता वा शौचालय कोठे हवे हे सांगू शकणारी अनेक माणसे, त्यांतही पतीबरोबर ‘कोयता’ म्हणून गेलेल्या स्त्रिया, त्या वेळी उसाच्या फडात असतात. अशा गावांत सभा पावसाळ्यात, म्हणजे मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या घराबाहेर पडण्यापूर्वी, आणि तीही रोजगाराची वेळ संपल्यावर संध्याकाळी वस्तीतच भरवावी लागते.