ईल पालन: टाकी स्मार्ट होईल, पण बीज कुठून आणणार?

मागच्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या रूममेटने एक रील पाठवली. सापासारखे मासे, चकाचक टाक्या, मोबाईलवर पाण्याचं तापमान आणि खाली ओळ: 'छोट्या जागेत मोठी कमाई'. मागोमाग त्याचा मेसेज: "साठवलेले पैसे टाकू का रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. खरं सांगतो, आधी मलाही मोह झाला.

मोह का होतो?

ईल म्हणजे आपल्या वामसारखा दिसणारा लांबट मासा. जपानमध्ये त्याला 'उनागी' म्हणतात. गोडसर सोया सॉस लावून भाजतात आणि भातावर वाढतात. उन्हाळ्यात तर तो खायचा खास दिवस असतो. मागणी भरपूर, भाव चढा.

त्यात टेक्नॉलॉजीची भर. आरएएस पद्धतीत तेच पाणी फिल्टर करून पुन्हा टाकीत सोडतात. मासे अमोनिया बाहेर टाकतात, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ऑक्सिजन, पीएच, तापमान यांवर सेन्सरची नजर. मला तर ती सर्व्हर रूमच वाटली!

मग अडतं कुठे?

बीजावर, म्हणजे माशांच्या पिल्लांवर. रोहू-कटलाचं बीज हॅचरीत तयार होतं. ईलचं तसं नाही. जपानी ईल अंडी घालायला पॅसिफिक महासागरात थेट मारियाना बेटांच्या बाजूला जातो. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जपान, तैवान, चीनच्या किनाऱ्यांवर पोचतात. तेव्हा ती जेमतेम 6 सेंटीमीटरची आणि काचेसारखी पारदर्शक असतात, म्हणून नाव 'ग्लास ईल'. फार्मवाले हीच समुद्रातून आलेली, पकडलेली पिल्लं विकत घेऊन वाढवतात.

2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जन्मलेल्या ईलपासून पुढची पिढी मिळवली. पण अळ्या जगवणं नाजूक आणि महागडं काम आहे. त्यामुळे धंदा अजूनही मुख्यतः पकडलेल्या पिल्लांवरच चालतो. ज्या वर्षी पिल्लं कमी, त्या वर्षी भाव आभाळाला.

आणि पिल्लं कमी होतच चालली आहेत. आययूसीएनने 2014 मध्ये जपानी ईल संकटग्रस्त ठरवला. युरोपियन ईलची अवस्था त्याहून वाईट. युरोपियन युनियनने 2010 पासून त्याची बाहेर निर्यात बंद केली, तरी तस्करी होतेच.

म्हणजे टाकीतलं सगळं आपल्या हातात, पण मुख्य कच्चा माल समुद्राच्या मर्जीवर!

पैसे टाकण्याआधी विचारा

1. बीज कुठल्या जातीचं, कुठून येणार, आणि त्याची कायदेशीर कागदपत्रं आहेत का?
2. तयार माल कोण घेणार? लेखी देणार का?
3. वीज गेली तर? दाटीवाटीच्या टाकीत ऑक्सिजन झपाट्याने संपतो. बॅकअपचा खर्च हिशोबात धरलाय का?

मित्राने हे तिन्ही प्रश्न रीलवाल्याला पाठवले. उत्तर आलं: "सर, आधी बुकिंग अमाउंट भरा, मग सगळं सांगतो."

पैसे अजून त्याच्याच खात्यात आहेत.