भव्य शिल्प भरीव नसते

मॉल किंवा वॉटर पार्कच्या दारातला अजस्र डायनासोर भरीव सिमेंटचा असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो बहुधा फायबरग्लासचा (काचतंतू आणि रेझिन यांचे पातळ, कडक कवच) आणि आतून पोकळ असतो. रचना छत्रीसारखी: कापड आकार देते, ताण काड्या पेलतात. इथे काड्यांचे काम पोलादी सांगाडा करतो. ट्रकची रुंदी, वाटेतले पूल आणि विजेच्या तारा विचारात घेऊन कवचाचे भाग आधीच ठरवतात आणि जागेवर जोडतात. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही १८८५ मध्ये फ्रान्सहून सुमारे ३५० तुकड्यांत जहाजाने आला होता. हलके शिल्प वाऱ्याने उलटू शकते. म्हणून ते बनवून घेताना रंगरूपाइतकीच सांगाड्याची आणि पायाची चौकशी करावी.