सांथीच्या काळांतील खेळाडू

शरीराच्या बळावर पोट भरणाऱ्या माणसाचें भांडवल मोठें विलक्षण असतें. वाण्याचा माल कांहीं महिने कोठारांत पडून राहिला, तरी त्यांतील बराचसा पुढें विकतां येतो. विद्वानाची विद्या पुस्तक मिटल्यानें लगेच नाहींशी होत नाहीं. परंतु मल्लाचें बळ आणि धावणाऱ्याचा दम हीं रोज कमवावीं लागतात. आणि तीं कामास लावण्याचीं वर्षेंही थोडीं, बहुधा अठरापासून तिशीपर्यंतचीं. त्यांतील दोन वर्षें कोणी हिरावून घेतलीं, तर अशा माणसानें काय करावें? कोविडच्या सांथीनें हा प्रश्न आपल्या भागांतील कित्येक तरुणांपुढें उभा केला होता. त्याचा विचार येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ता. २४ मार्च २०२० रोजीं टोकियो येथील ऑलिंपिक सामने पुढें ढकलल्याचें जाहीर झालें. दुसरे दिवशीं गुढी पाडवा होता, आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. आपल्याकडे पाडवा म्हणजे चैत्री यात्रांचें तोंड. आपल्या आटपाडी तालुक्यांतील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा खिलार जनावरांसाठीं प्रसिद्ध आहे. तशाच गांवोगांवच्या यात्रा कुस्त्यांच्या मैदानांसाठीं. पैलवानानें पावसाळाभर व हिंवाळाभर मेहनत करावी आणि चैत्र-वैशाखांत मैदानें मारून इनाम मिळवावें, हीच त्याची पेरणी व सुगी. २०२० सालची सुगी अशी बुडाली. २०२१ च्या चैत्रांत सांथीची दुसरी लाट आली, व तीही गेली. जानेवारी २०२० मध्यें पुण्यास श्री. हर्षवर्धन सदगीर यांनीं ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा जिंकली. त्यानंतरची गदा कोल्हापूरचे श्री. पृथ्वीराज पाटील यांनीं साताऱ्यास उचलली, ती एप्रिल २०२२ मध्यें. मध्यें सवादोन वर्षें गेलीं.

संकट एकच असलें तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचे तिरंदाज श्री. प्रवीण जाधव हे सैन्यांत होते. त्यांचे सामने थांबले, पण पगार थांबला नाहीं. १९३४ सालापासून, दुसऱ्या महायुद्धांतही न खंडलेली रणजी करंडक स्पर्धा २०२०-२१ सालीं प्रथमच रद्द झाली. तेव्हां क्रिकेटच्या नियामक मंडळानें, २०१९-२० च्या हंगामांत खेळलेल्या खेळाडूंस, मानधनाच्या निम्म्या रकमेची भरपाई जाहीर केली. मैदानी मल्लाच्या पाठीशीं मात्र ना पगार, ना मंडळ. तालमी बंद पडतांच तो वळकटी बांधून गांवीं परतला. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक घरच्या मिळकतींत बसेना. मग कोणी बापाच्या शेतांत राबला, कोणी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस गेला. ज्या हातांनीं लाल माती उकरावयाची, त्यांनीं काळी माती उकरली. यांत कमीपणा कसला?

आतां शरीराचा विचार करूं. सराव सुटला म्हणजे दम कांहीं आठवड्यांतच घटूं लागतो. अंगचें बळ त्याहून सावकाश ओसरतें. कुस्तीस जोड लागते, आणि हा रोग तर श्वासावाटे व जवळिकीनें पसरणारा. म्हणून लढत करणें अशक्य झालें. परंतु जोर, बैठका व झाडास बांधलेला दोर यांस कोणाची बंदी नव्हती. आपली आटपाडी पूर्वीं औंध संस्थानांत होती. त्या संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं शाळांतून सूर्यनमस्कारांचा परिपाठ घालून दिला होता. ज्यास ना आखाडा लागतो, ना साहित्य, ना जोडीदार, असा तो व्यायाम. एका सतरंजीपुरत्या जागेंत शरीर राखण्याची ती युक्ति सांथीच्या दिवसांत किती मोलाची होती, हें निराळें सांगावयास नको. मात्र मेहनत घटली कीं खुराकही घटविला पाहिजे, नाहीं तर तेंच अन्न चरबी होऊन बसतें.

बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे श्री. अविनाश साबळे यांचें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांची शर्यत अडथळ्यांची, तीन हजार मीटरांची. ऑलिंपिक तर वर्षभर लांबलेलें. नोव्हेंबर २०२० मध्यें ते दिल्लीस सुमारें २१ किलोमीटरांची अर्धमॅरेथॉन धावले आणि १ तास ३० सेकंदांत ती संपवून त्यांनीं राष्ट्रीय उच्चांक केला. पुढें जुलै २०२१ मध्यें टोकियोस त्यांनीं आपल्या शर्यतींत ८ मिनिटें १८.१२ सेकंद असा नवा राष्ट्रीय उच्चांक नोंदविला, तरी अंतिम फेरी हुकलीच. ऑगस्ट २०२२ मध्यें बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत मात्र त्यांस रौप्यपदक मिळालें. नेहमींची वाट बंद असतां जी वाट मोकळी आहे तीवर चालत राहावें, हाच यांतील बोध.

सर्वांनाच असें परत उभें राहतां आलें नाहीं. ज्यांचीं ऐन उमेदीचीं वर्षें त्या काळांत गेलीं, त्यांतील कित्येकांनीं लंगोट खुंटीस टांगला व नोकरी धरली. त्यांस पराभूत म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. संसाराचा भार उचलणें ही देखील कुस्तीच आहे, आणि तिला टाळ्या वाजविणारे प्रेक्षक नसतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी मैदान गाजवूं इच्छीत असेल, तर त्यानें अवश्य गाजवावें. पण दप्तर आखाड्याबाहेर फेकून देऊं नये. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाच्या खेळास विरोध करूं नका, व केवळ खेळावर त्याचें सारें आयुष्य टांगूंही नका. एका हातीं बळ व दुसऱ्या हातीं विद्या किंवा एखादा धंदा असला, म्हणजे सांथ येवो, दुखापत होवो किंवा वय उलटो, मनुष्य निराधार होत नाहीं.