चिरनेरचा हुतात्मा दिन

उभा जन्म पनवेलमध्ये गेला, पण चिरनेरच्या हुतात्मा दिनाला मी गेल्या वर्षीच पहिल्यांदा गेले. वाटलं होतं, दुखवट्याची सभा असेल. तिथे तर सारा गाव लोटलेला! शाळेची मुलं, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या आगरी बाया, वाडीवरची कातकरी मंडळी. स्मारकावर फुलं पडली, पोलिसांनी सलामीच्या फैरी झाडल्या आणि अंगावर काटा आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी आठ सत्याग्रही पडले होते.

जंगल कायद्याने सरपणावरचाही हक्क गेला, म्हणून अक्कादेवीच्या डोंगरावर ही माणसं कोयते घेऊन निघाली होती. गोळीबारात मामलेदार जोशीही गेले. पुढे पकडलेल्या गावकऱ्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले.

हुतात्म्यांत एक नाव नवश्या महादेव कातकरी. स्वातंत्र्यलढ्याच्या आपल्या धड्यांत कातकऱ्यांचं नाव क्वचितच येतं, हे मला फार लागतं.

पनवेलकरांनो, येत्या २५ सप्टेंबरला मुलांना घेऊन चिरनेरला जा. आठही नावं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.