आधी पाण्याचा ताप उतरवा

‘टाकीतले सोबती’ : लेखांक ८

एप्रिल निम्मा सरला की खानदेशातून येणाऱ्या पत्रांचा आणि फोनचा सूर एकच असतो. अ‍ॅक्सोलॉटल खात नाही, वाळत चालला आहे, कोणते औषध देऊ? परवा धुळ्याच्या देवपुरातून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने छोटा व्हिडिओ पाठवला. ती चिमट्यात गांडूळ धरून टाकीत सोडते. प्राणी मान वळवतो, तोंड उघडतो, गांडूळ निम्मे आत ओढतो आणि क्षणभराने तसेच बाहेर सोडून देतो. कल्ल्यांचे झुपके पुढे झुकलेले, शेपटीचे टोक वळलेले. ‘काका, याला गांडूळ आवडेनासे झाले का?’ असा तिचा प्रश्न. माझी नजर काचेवर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर गेली. आकडा ३१ होता.

खानदेशात उन्हाळ्यात अ‍ॅक्सोलॉटलने अन्न सोडले, तर आजार शोधायच्या आधी पाणी मोजायचे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते, आणि ते सापडले नाही तरी पाणी गार केल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय लागू पडत नाही.

हा प्राणी मूळचा मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्को सरोवराचा. नकाशावर पाहिले तर तो आपला शेजारी वाटावा. मेक्सिको शहर १९ अंश उत्तर अक्षांशावर, जळगाव आणि धुळे २१ अंशांच्या आसपास. फरक आहे तो उंचीचा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर वर. सोचिमिल्कोचे पाणी सुमारे २२४० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळपास ६०० मीटर उंच. तिथल्या गारव्यात हा जीव घडला. आज त्याच्या मूळ घरी तो नामशेष व्हायच्या बेतात आहे. १९९८ मध्ये तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० प्राणी मोजले गेले होते, २०१४ मध्ये ३६. जगभरच्या टाक्यांत आणि प्रयोगशाळांत जे अ‍ॅक्सोलॉटल दिसतात त्यांतले बरेचसे १८६४ साली पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांच्या वंशातले. दीडशेहून अधिक वर्षे माणसाच्या घरात काढूनही त्याला १६ ते १८ अंशांचेच पाणी लागते. २२ च्या वर तो अस्वस्थ होतो आणि २४ ओलांडून काही दिवस गेले की शरीर थकायला लागते.

आपल्याकडे दुकानात तो ‘वॉकिंग फिश’ म्हणून विकला जातो आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. तो मासा नाही. बेडकासारखाच उभयचर आहे, फक्त शेपटी असलेला. महाराष्ट्राच्या निसर्गात शेपटीवाला उभयचर एकही नाही. भारतात त्याचे नातेवाईक दार्जिलिंगकडच्या डोंगरांत आहेत. त्यामुळे आपल्या घरात, दुकानात आणि पुष्कळदा दवाखान्यातही या जातीच्या प्राण्याचा अनुभव नाही. मग गप्पी आणि एंजल या माशांना जे चालते तेच याला दिले जाते. काही जण तर हिवाळ्यात हीटरही लावतात.

गरम पाण्यात नेमके काय बिघडते? त्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, पाणी तापले की शरीराचे कामही वेगाने चालू लागते. म्हणजे खर्च वाढतो. त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. गरज वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशा अवस्थेत शरीर पचनाचे काम बाजूला ठेवते. खाल्लेले पोटात कुजण्यापेक्षा न खाणे बरे, हा त्याच्या शरीराचा शहाणपणाच आहे. पण खर्च चालूच असल्याने वजन झरझर उतरते. हिवाळ्यात धडधाकट प्रौढ प्राणी दोन आठवडे उपाशी राहिला तरी फारसे बिघडत नाही. मे महिन्यात तेवढ्याच उपवासात त्याच्या पाठीचा कणा वरून दिसू लागतो.

यात खानदेशच्या पाण्याची एक भर आहे. आपल्या बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त. जडपणा त्याला मानवतो. आरओचे पाणी मात्र मुळीच घालू नका, ते त्याच्यासाठी फार मऊ. अडचण येते ती अमोनियाची. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पाण्याचा पीएच आठ असेल तर १८ अंशांना त्यातला शेकडा तीनच्या आसपास भाग विषारी स्वरूपात असतो, ३० अंशांना तोच सात-साडेसातवर जातो. टाकी तीच, घाण तेवढीच, विष मात्र दुप्पट. चाचणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट मोजा, दोन्ही शून्यच हवेत. नायट्रेट २० पर्यंत ठीक, ४० च्या वर गेले तर पाणी बदलायची वेळ टळून गेली आहे.

आता उपाय. मोठी टाकी गार करत बसण्याआधी आजारी प्राण्याला पाच-सहा लिटर पाण्याच्या झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात हलवा. झाकणाला भोके पाडा. याचा हिशेब सरळ आहे. ६० लिटरची टाकी ३० अंशांवरून २० वर आणायला एक लिटरच्या सहा गोठवलेल्या बाटल्या पूर्ण वितळाव्या लागतात, आणि त्या वितळेपर्यंत खोलीतली उष्णता काचेतून आत येतच राहते. सहा लिटरच्या डब्याला तेच काम एका बाटलीपेक्षाही कमी बर्फात होते. हा डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, औषधाच्या दुकानात मागितलात तर असे खोके सहज मिळते. गोठवलेली छोटी बाटली डब्याच्या बाहेर, खोक्याच्या कोपऱ्यात. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, तापमान एकदम खाली येते आणि तो धक्का उन्हाइतकाच वाईट. ३१ वरून १८ वर यायला अख्खा दिवस लागला तरी चालेल.

डब्यातले पाणी रोज पूर्ण बदलायचे, कारण तिथे गाळणीही नाही आणि घाण खाणारे जिवाणूही नाहीत. बदलीचे पाणी आदल्या दिवशीच भरून, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून, डब्याइतकेच गार करून ठेवायचे. जळगावात काय आणि धुळ्यात काय, नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि मधल्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीवर भागवावे लागते. दुपारी त्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. ते सरळ डब्यात ओतल्यामुळे प्राणी गेल्याचे मी ऐकले आहे. पाणी भरायची वेळ पहाटेचीच ठेवा.

बरेच जण विचारतात, टाकीवर पंखा लावला तर? पंख्याने पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते, माठ गार होतो तो याच न्यायाने. खानदेशचा उन्हाळा कोरडा असल्याने मे महिन्यात पंखा खरोखर काम करतो. पण त्याला तळ आहे. ४३ अंशांची हवा आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर कितीही वारा घातला तरी पाणी साधारण साडेबावीस अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. तिथपर्यंतही ते क्वचितच पोहोचते. जुलैत हवा ३२ अंश आणि दमट असते, तेव्हा हाच पंखा २८ च्या आसपास हात टेकतो. पावसाळा आला, आता सुटलो, असे म्हणणाऱ्यांची टाकी जुलैत जास्त तापलेली असते ती यामुळे. म्हणून मला स्पष्ट लिहायचे आहे: चिलर, किंवा दिवसरात्र एसी चालणारी खोली, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर, एवढी सोय नसेल तर जळगाव-धुळ्यात हा प्राणी घेऊ नये. घेतलेला असेल तर उन्हाळ्यापुरता तरी ज्याच्याकडे ही सोय आहे त्याच्याकडे ठेवावा.

टाकीची जागाही बघा. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली टाकी असेल तर दुपारी दोनला मोजलेला आकडा फसवा असतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. पाणी सर्वांत जास्त तापलेले सापडते ते रात्रीच्या जेवणाच्या सुमारास. सकाळी सहा आणि रात्री नऊ, अशा दोन वेळा लिहून ठेवा. जुन्या धाब्याच्या घरातली आतली, खिडकी नसलेली खोली या बाबतीत नव्या फ्लॅटच्या हॉलपेक्षा कितीतरी चांगली.

पाणी सलग तीन-चार दिवस १८ च्या आसपास राहिले की मग खाण्याकडे वळायचे. गांडूळ हे त्याचे उत्तम अन्न, पण कोणते गांडूळ, हे महत्त्वाचे. आपल्याकडे सहज मिळते ते गांडूळखताच्या बेडमधले लाल, बारीक, पट्टेदार. त्याला डिवचले की ते कडवट पिवळसर द्रव सोडते. भुकेला प्राणीही ते तोंडात घेऊन थुंकतो. देवपुरातल्या त्या व्हिडिओत उष्णतेच्या जोडीला हेही कारण होते. लाल गांडूळच वापरायचे असेल तर क्षणभर गरम पाण्यात बुडवून, मग गार पाण्यात धुऊन, तुकडे करून द्या. बागेतल्या ओल्या मातीतले जाड, मातकट गांडूळ अधिक चांगले. मात्र रावेर-यावलच्या केळीच्या बागेतून किंवा कपाशीच्या शेतातून आणू नका. तिथल्या जमिनीत कीडनाशक उतरलेले असते आणि अ‍ॅक्सोलॉटलची कातडी नि आतडी दोन्ही ते शोषून घेतात.

देताना दिवा मालवा. तो संध्याकाळनंतर शिकार करणारा जीव आहे, त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत. तुकडा चिमट्याने तोंडासमोर हळू हलवा, तोंडाला टोचू नका. दहा मिनिटांत घेतला नाही तर काढून टाका आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुन्हा विचारू नका. गोठवलेले ब्लडवर्म वितळवून दिले तर रुसलेले प्राणी बहुधा आधी ते घेतात, कारण त्यांचा वास पाण्यात पसरतो. जिवंत छोटे मासे सोडू नका, ते कल्ले कुरतडतात आणि रोग आणतात. मटणाचे तुकडे त्याला पचत नाहीत.

पाणी गार आहे, स्वच्छ आहे, गांडूळही चांगले आहे आणि तरी तो खात नाही, असे झाले तर टाकीचा तळ पाहा. तळाशी हरभऱ्याएवढे रंगीत खडे असतील तर त्यातला एखादा पोटात असण्याची शक्यता मोठी. हा प्राणी चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. विष्ठा बंद झालेली, पोट एका बाजूला टणक, शेपटीकडचा भाग वर तरंगणारा, ही त्याची चिन्हे. काही जण अशा वेळी प्राण्याला फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. आधीच खंगलेल्या प्राण्यावर डॉक्टरांना न विचारता हा प्रयोग करू नये. कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी. ती बहुधा तापलेल्या, घाण पाण्यातच येते. माशांच्या दुकानातली हिरवी-निळी औषधे अंदाजाने ओतू नका. माशाला खवल्यांचे कवच असते, याची कातडी उघडी आहे. शाळांच्या आवारात असतो त्या जंगली बदामाचे गळालेले, वाळलेले स्वच्छ पान डब्यात ठेवले तर त्यातल्या टॅनिनने कातडीला थोडा आराम पडतो. घरच्या घरी एवढेच करावे.

वजन अंदाजाने सांगू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचा डबा ठेवा, काटा शून्य करा, प्राणी अलगद आत सोडा. दर तीन दिवसांनी, त्याच वेळी. वरून पाहताना पोटाची रुंदी डोक्याइतकी हवी. पोट डोक्यापेक्षा स्पष्ट अरुंद झाले, किंवा गार पाण्यात आठवडा काढूनही वजन उतरतच राहिले, तर डॉक्टर गाठा. आपल्या जिल्ह्यांतले पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्यात मुरलेले आहेत. त्यांच्यापुढे नुसता डबा ठेवून ‘बघा काय झालंय’ म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे. तापमानाची वही, पाण्याचे आकडे, वजनाचा तक्ता, शेवटच्या विष्ठेचा ताजा नमुना, हे सारे घेऊन जा. जंतांसाठी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि खड्यासाठी एक्स-रे काढणे त्यांना करता येते. औषधाच्या मात्रेसाठी ते नाशिक, पुणे किंवा मुंबईच्या विदेशी प्राण्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलू शकतात. प्रवास करायचाच तर पहाटे निघा.

कागदांचेही बघून घ्या. अ‍ॅक्सोलॉटल ‘साइटीस’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२२ च्या सुधारणेनंतर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार हे सांगत नाहीत.

तो पुन्हा खाऊ लागला म्हणजे आनंदाच्या भरात एकदम पोटभर देऊ नका. पहिल्या दिवशी बोटाच्या पेराएवढा तुकडा, मग एक दिवस विश्रांती. विष्ठा झाली की दुसरा, थोडा मोठा. दोन आठवडे वजन स्थिर राहिले किंवा वाढले, तर प्रौढ प्राण्याला दोन-तीन दिवसांआड एक पूर्ण गांडूळ या नेहमीच्या क्रमावर या. मोठ्या टाकीत परत सोडण्याआधी तिचे पाणी सलग आठवडाभर रात्री नऊला २० च्या खाली राहते का, ते मोजा. राहत नसेल तर त्याचा मुक्काम डब्यातच असू द्या, रोजच्या पाण्याबदलासकट, मग त्यात जूनही गेला तरी चालेल.

(पुढच्या आठवड्यात : लाइट गेल्यावर टाकीतले जिवाणू किती तास तग धरतात?)