जटेच्या मुळाशी पाव इंच

डोक्यातील ऊ केसांत राहते असे म्हटले जात असले, तरी तिचे पोट भरते ते डोक्याच्या त्वचेतील रक्तावर, आणि केस हा तिला केवळ चालण्याचा व अंडी चिकटवण्याचा आधार असतो. दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या या बिनपंखी कीटकाला सहा पाय असून प्रत्येक पायाच्या टोकाला आकडीसारखी नखी असते, आणि तिने एकदा केस धरला की डोक्यावरून पाणी घेतल्यानेही ती पकड सुटत नाही. ऊ उडत नाही किंवा उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत पलीकडे जाते, आणि रक्त मिळाले नाही तर एक-दोन दिवसांत मरते. मादी आपली अंडी, म्हणजे लिखा, उबेसाठी त्वचेपासून साधारण पाव इंचाच्या आत चिकटवते. म्हणून जट असलेल्या डोक्याचे उवांपासून रक्षण करायचे, तर लक्ष द्यावे लागते ते या पाव इंचाकडे. पाठीवर लोंबणाऱ्या जटेकडे नव्हे.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसराला जट अनोळखी नाही. वेरूळच्या लेण्यांत शिवाच्या जटा दगडात कोरलेल्या आहेत, साधू-बैराग्यांच्या डोक्यावर त्या दिसतात, शहरातील काही तरुण ड्रेडलॉक्स म्हणून त्या हौसेने वळवून घेतात, आणि अनेक स्त्रियांच्या डोक्यात ‘देवीची जट आली’ म्हणून ती भीतीपोटी वाढू दिली जाते. या साऱ्या जटांमागील भौतिक कारण एकच आहे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि घर्षणाने शेजारच्या केसांचे खवले एकमेकांत अडकतात. शिवाय माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, ते विंचरले नाहीत तर तिथेच गुरफटतात, आणि तेल, घाम, धूळ व हळद-कुंकू यांनी त्यांचा नमदा बनतो. उवांमुळे खाजवून जखमा झाल्या, की त्यांतून पाझरणाऱ्या द्रवानेही केस चिकटतात. म्हणजे दुर्लक्षित उवा हेच कधी कधी जटेचे निमित्त ठरते.

उवांवरचा सर्वांत जुना उपाय फणी हाच होय. इस्रायलमधील लाखीश येथे सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर, तिने केसांतील आणि दाढीतील उवांचा नायनाट करावा, अशी इच्छाच कोरलेली आहे. जटेत मात्र फणी शिरत नाही, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. लीख केसाला चिकटते ती प्रथिनांच्या गोंदाने; हा गोंद इतका चिवट असतो की पिल्लू बाहेर पडल्यावरही रिकामे कवच महिनोन्महिने तसेच राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे त्वचेपासून तीन सेंटिमीटरवर दिसणारी लीख सुमारे तीन महिन्यांपूर्वीची, म्हणजे रिकामी किंवा मेलेली असते. जटेत अडकलेली अशी पांढरी कवचे पाहून पुन्हा पुन्हा औषध लावणे व्यर्थ होय. मुळाशी जिवंत ऊ दिसते का, हेच भांग पाडून, भरपूर उजेडात, कानांमागे व मानेवर पाहावे.

ऊ आढळल्यास परमेथ्रीनसारखे कीटकनाशक किंवा डायमेथिकोन हे सिलिकॉन तेल, डॉक्टरांच्या सल्ल्याने, जटांमधल्या भांगांतून थेट त्वचेवर लावावे लागते. लिखांवर औषधाचा परिणाम अपुरा होतो आणि त्या साधारण आठवडाभरात फुटतात, म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. तो चुकला की पहिली मेहनत वाया जाते. डोके धुतल्यानंतर जट आतपर्यंत वाळवणे, उशी, ओढणी, टोपी व कंगवा वेगळा ठेवणे, आणि घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासणे, एवढे पथ्य पुरते.

दौलताबादच्या डोंगरांतील सीताफळे सर्वदूर प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या बियांची पूड उवांवर लावण्याचा घरगुती उपायही तितकाच जुना आहे. त्या बियांतील विषारी द्रव्ये कीटकांना मारतात हे खरे. पण हीच पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरील पारदर्शक पटलाला इजा होऊन असह्य वेदना होतात, आणि दाट जटेतून ती पुरती धुऊन निघत नसल्याने घामाबरोबर डोळ्यांत उतरण्याचा धोका टिकून राहतो. रॉकेल त्याहून घातक, कारण ते त्वचा भाजते आणि पेट घेते.

जट कापल्यास कोप होतो, ही समजूत केवळ येथलीच नाही. पोलंडमध्येही अशा जटा कापल्यास आंधळेपण किंवा वेड येते असे मानले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात क्रॅकोचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी ती दैवी बाधा नसून अस्वच्छतेचा परिणाम असल्याचे ठामपणे मांडले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांची व घरच्यांची समजूत घालून अनेकींच्या जटा कापल्या आहेत. हौसेने राखलेली जट निगा राखून उवांपासून दूर ठेवता येते. भीतीने वाहिलेली, मान अवघडवणारी आणि खाली जखमा झाकणारी जट मात्र कापणे हाच उपचार होय. अशी जट घरात कोणाच्या डोक्यावर असेल आणि तिच्या मुळाशी खाज, पू किंवा मानेत गाठी असतील, तर त्या व्यक्तीला छत्रपती संभाजीनगरातील घाटी या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात विलंब न लावता न्यावे.