मरुभूमीच्या बागेतील शंखपुष्पी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाध्यायाच्या तिसऱ्या पादात चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चौघींतही शंखपुष्पी विशेषत्वाने मेध्य होय, असा आचार्यांचा निर्वाळा आहे. अपस्मारातील ब्राह्मीघृतात तिची योजना आहे. आजच्या बाजारात तर तिच्या नावाची सरबते घरोघरी पोहोचली आहेत. असे असताना, आपल्या औषधालयात शंखपुष्पी म्हणून येणारी वनस्पती नेमकी कोणती, हा प्रश्न आपण वैद्य व औषधनिर्माते किती वेळा विचारतो? या प्रश्नाचे सर्वांत खात्रीचे उत्तर पुस्तकात नसून बागेत आहे, असे आमचे मत आहे.

एक नाव, चार वनस्पती

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पहिल्या भागाच्या दुसऱ्या खंडाने (१९९९) कॉन्व्हॉल्व्हुलस प्लुरिकॉलिस या वनस्पतीचे पंचांग शंखपुष्पी म्हणून स्वीकारले आहे. व्यवहारात मात्र प्रांतपरत्वे भेद दिसतो. दक्षिणेत, विशेषतः केरळात, गोकर्णी म्हणजे क्लायटोरिया टर्नेशिया वापरली जाते. बंगालकडे कॅन्स्कोरा डेकुसाटा. आणि अनेक ठिकाणी विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्हुलस अल्सिनॉइडिस. विष्णुक्रांता आपल्या महाराष्ट्रातील माळरानांवर सहज मिळते, त्यामुळे तिची सरमिसळ आपल्याकडे अधिक संभवते.

गोकर्णीची वेल आणि तिची संयुक्त पाने लपत नाहीत. कॅन्स्कोराचे चौधारी, पंख असलेले खोड व समोरासमोरची पानेही ओळखू येतात. खरा घोटाळा शंखपुष्पी व विष्णुक्रांता यांच्यात होतो. दोन्ही एकाच कुळातील, दोन्ही जमिनीलगत पसरणाऱ्या, दोन्ही लवदार. शंखपुष्पीचे फूल फिकट गुलाबी वा पांढरे व नरसाळ्यासारखे. विष्णुक्रांतेचे बहुधा निळे, चक्रासारखे पसरट. परंतु वाळलेल्या मालात रंग उरत नाही. अशा वेळी वाळलेले फूल कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली उघडावे. शंखपुष्पीत एकच कुक्षिवृंत असून त्याच्या टोकाला दोन कुक्षी असतात. विष्णुक्रांतेत दोन कुक्षिवृंत असून प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे फुटतात. ही परीक्षा प्रत्येक फार्मसीत पाच मिनिटांत होण्याजोगी आहे. मात्र मालात फूलच नसेल तर तीही निरुपयोगी ठरते. म्हणून खात्रीची जिवंत वनस्पती समोर असणे अगत्याचे आहे.

जांगल देशाची कन्या

शंखपुष्पी बहुवर्षायू आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा येथील कोरड्या, वालुकामय भूमीत ती आपोआप वाढते. जोधपूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ३५० मि.मी. पाऊस पडतो, तोही बहुतेक पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. एवढ्यावर ती तग धरते याचे कारण तिच्या रचनेत आहे. मूळ काष्ठमय व खोल जाणारे, पाने अरुंद, अंगावर दाट लव. कडक उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी बुंधा जिवंत राहतो व पावसाबरोबर नवे धुमारे फुटतात.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात जांगल देशाचे वर्णन करताना मोकळे आकाश, कोरडा वारा, वाळू व खडे यांनी युक्त खरखरीत भूमी आणि शमीसारखे वृक्ष यांचा उल्लेख केला आहे. मरुभूमीतील खेजडी ती हीच शमी. औषधे जांगल किंवा साधारण देशातील घ्यावीत, असेही तेथे सांगितले आहे. आनूप भूमीसारखी चिखल-पाण्याची व्यवस्था करून शंखपुष्पी वाढवू पाहणे हे म्हणूनच शास्त्राच्या व वनस्पतीच्या स्वभावाच्या दोहोंच्या विरुद्ध होय.

मरुभूमीत बाग कशी उभी राहते याचा एक बोधप्रद नमुना जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. तेथील खडकाळ जागेत माजलेली विलायती बाभूळ काढून २००६ पासून स्थानिक वनस्पती रुजविण्यात आल्या व २०११ मध्ये ते राव जोधा उद्यान लोकांसाठी खुले झाले. तेथे खडकाची सुपीक बाग करण्याचा हट्ट धरला नाही. खडकाला मानवतील अशाच वनस्पती निवडल्या. शंखपुष्पीच्या लागवडीचे सूत्रही हेच आहे.

लागवड

वाफा वाळूमिश्रित व उंच असावा. पाण्याचा निचरा हीच एकमेव अट काटेकोर समजावी. आपल्याकडील माण, आटपाडी, सांगोला अशा अवर्षणप्रवण तालुक्यांत मुरमाड, हलकी जमीन निवडावी. काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी साचते व मूळ कुजते. तेथे लावायचेच असेल तर वाळू व मुरूम घालून हातभर उंचीचा ओटा करावा.

बीजाचे कवच कठीण असते. पेरण्यापूर्वी बी खरखरीत कागदावर हलके घासून रात्रभर पाण्यात ठेवल्यास उगवण सुधारते. पहिल्या चांगल्या पावसानंतर बी उथळ पेरावे व रोपे फुटाफुटावर विरळ करावीत. मरुभूमीत कोवळ्या रोपांचा शत्रू तहानेपेक्षा वाऱ्याने उडणारी वाळू हा असतो. १९५९ पासून कार्यरत असलेल्या जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यासाठी वाऱ्याच्या आडव्या दिशेने स्थानिक झुडपांच्या फांद्यांची कुंपणे घालण्याची पद्धत रूढ केली. लहान बागेलाही तीच युक्ती पुरते.

रोपे धरेपर्यंत बेताचे पाणी द्यावे, पुढे हात आखडावा. नत्रयुक्त खत देऊ नये. पाणी व नत्र यांनी पाला माजतो, आणि आपल्याला तर पंचांग हवे आहे. पहिल्या वर्षी निंदणी मात्र चुकवू नये, कारण ही जमिनीसरपट वनस्पती उंच तणाच्या सावलीत टिकत नाही.

संग्रह

पंचांग घ्यायचे म्हणजे मुळासकट उपटणे आले. आणि बहुवर्षायू वनस्पती उपटली की तिची पुढची सगळी वर्षे संपली. रानातून माल गोळा करणारा फुलावर आलेले रोप उपटतो, तेव्हा बीही जमिनीत पडत नाही. पुरवठा आटला की बदली मालाला वाट मोकळी होते. बागेत हा दोष टाळता येतो. वाफ्याचे तीन भाग करावेत. दरवर्षी एकच भाग फुलोऱ्यात काढावा, उरलेल्यांचे बी पिकू द्यावे, व रिकाम्या भागात पुन्हा पेरणी करावी.

फुले सकाळी उमलतात, तेव्हाच ओळख पटवून काढणी करावी. लवेत वाळू अडकून राहते. ती न झटकता माल वाळविल्यास अम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण वाढते आणि खरा माल परीक्षेत नापास होतो. म्हणून झटकून, मुळे धुऊन, सावलीत वाळवावे.

आपले कर्तव्य

फार्मसीची वर्षाची गरज एका वाफ्याने भागणार नाही, हे आम्ही जाणतो. वाफ्याचे प्रयोजन निराळे आहे. येणाऱ्या प्रत्येक पोत्यातील मूठभर माल ज्याच्याशी ताडून पाहावा असे जिवंत प्रमाण, आणि ज्या शेतकऱ्याकडून लागवड करून घ्यावयाची त्याच्यासाठी खात्रीचे बी, ही दोन्ही त्यातून मिळतात. केंद्र शासनाचे २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ अशा लागवडीच्या प्रोत्साहनाचेच कार्य करते. त्याच्या योजनांची चौकशी फार्मसीचालकांनी अवश्य करावी.

विस्मरण झालेला वृद्ध किंवा अपस्माराचे मूल आपल्यापुढे बसते, तेव्हा आपण चिठ्ठीवर शंखपुष्पी लिहितो आणि रुग्ण त्या अक्षरांवर विश्वास ठेवतो. गुण आला नाही तर दोष शास्त्राला लागतो. बाटलीत कोणती वनस्पती होती, हे कोणी विचारीत नाही. ते विचारण्याचे उत्तरदायित्व आपले आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक औषधालयाने दहा फूट लांबीचा, वाळू-मुरमाचा एक वाफा तयार ठेवावा, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.